शत्रूचा चेहरा कुणाचा? हेरपटांतील खलनायक आणि त्यांचे देश

१/
१९४२ चा उन्हाळा. कॅलिफोर्नियातील वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत ‘कॅसाब्लांका’चे चित्रीकरण चालू होते. त्याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक लष्करी हुकूम लागू होता. जर्मनी, इटली आणि जपान या देशांच्या नागरिकांनी रात्री आठ ते सकाळी सहा या वेळेत घराबाहेर पडू नये, असा तो हुकूम. सरकारी भाषेत हे लोक ‘शत्रुदेशीय परके’ ठरले होते. हिटलरच्या तावडीतून जीव वाचवून आलेला जर्मन ज्यू निर्वासितही त्यातून सुटत नव्हता.

२/
त्यामुळे हॉलिवूडमध्ये एक विचित्र दिनक्रम निर्माण झाला. नाझींपासून पळून आलेला नट दिवसा कॅमेऱ्यासमोर नाझी अधिकाऱ्याचा गणवेश चढवी आणि आठ वाजण्यापूर्वी घर गाठी. कारण सरकारदरबारी तोच ‘शत्रू’ म्हणून नोंदलेला होता. हेरपटांतील खलनायक नेमके कोणत्या देशाचे होते, हा प्रश्न वरवर चित्रपटशौकिनांच्या कोड्यासारखा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले की विसाव्या शतकातील स्थलांतर, युद्ध आणि नागरिकत्व यांचा इतिहास उलगडू लागतो. हा धागा त्याविषयी.

३/
सुरुवात आवाजापासून करावी लागते. मूकपटांच्या काळात नटाची मातृभाषा कोणती, याला फारसे महत्त्व नव्हते. बर्लिनचा नट हॉलिवूडमध्ये जाऊन नायक होऊ शकत असे. १९२७ नंतर बोलपट आले आणि हे दार बंद झाले. पडद्यावरचा माणूस बोलू लागला, तसा तो कुठला आहे हेही ऐकू येऊ लागले. इंग्रजीतील परका उच्चार ही नटाची पहिली ओळख ठरली.

४/
याच उंबरठ्यावर १९३३ साल उजाडले. हिटलर सत्तेवर येताच जर्मन रंगभूमी आणि चित्रपटसृष्टीतून ज्यू कलावंतांना हुसकावण्यास सुरुवात झाली. त्यांच्याबरोबर ज्यू जोडीदार असलेले आणि राजकीय विरोध करणारेही बाहेर पडले. व्हिएन्ना, पॅरिस, लंडन आणि शेवटी लॉस एंजलिस असा अनेकांचा प्रवास झाला. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेला आणि व्हिएन्नाचा आसराही संपला.

५/
या प्रवाहातील सर्वांत परिचित नाव पीटर लॉरे यांचे. जन्म १९०४, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतील आणि आजच्या स्लोव्हाकियातील एका गावी, ज्यू कुटुंबात. मूळ नाव लास्लो लोवेनस्टाइन. फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या जर्मन चित्रपटात त्यांनी लहान मुलांचा खून करणाऱ्या विकृत माणसाची भूमिका केली आणि ते युरोपभर गाजले. १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली.

६/
पुढे १९४० मध्ये नाझींनी ‘द इटर्नल ज्यू’ या नावाने जगाला माहीत असलेला प्रचारपट काढला. त्यात ‘एम’मधील लॉरे यांची दृश्ये वापरली होती. नटाने रंगवलेला खुनी हाच जणू त्याच्या वंशाचा खरा स्वभाव, असे प्रेक्षकांना भासवण्यासाठी. भूमिका आणि माणूस यांतील भेद पुसून टाकणे किती घातक ठरू शकते, याचे याहून ढळढळीत उदाहरण सापडणे कठीण.

७/
लंडनमध्ये लॉरे यांना आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘द मॅन हू न्यू टू मच’ (१९३४) मध्ये हेरांच्या टोळीचा म्होरक्या केले. तेव्हा त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते; संवाद त्यांनी उच्चारानुसार पाठ केले. दोन वर्षांनी हिचकॉक यांच्याच ‘सॅबोटाज’मध्ये घातपाती व्हर्लॉकची भूमिका व्हिएन्नात जन्मलेल्या ओस्कार होमोल्का यांना मिळाली. हा व्हर्लॉक कोणत्या देशासाठी काम करतो, हे चित्रपट सांगतच नाही. देशाचे नाव उच्चारले नाही तरी नटाचा उच्चार प्रेक्षकांना पुरेसा सूचक होता.

८/
नाव न घेण्यामागे कारण होते. १९३० च्या दशकात बहुतेक बड्या अमेरिकी कंपन्यांना जर्मन बाजारपेठ गमवायची नव्हती. वॉर्नर ब्रदर्सने १९३४ मध्येच जर्मनीतील व्यवसाय आवरला. मात्र एमजीएम, पॅरामाउंट आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स १९४० पर्यंत तेथे टिकून राहिल्या. लॉस एंजलिसमधील जर्मन वकिलातीचे अधिकारी गेओर्ग गिसलिंग हे हॉलिवूडच्या पटकथांवर नजर ठेवून असत आणि जर्मनीला न रुचणाऱ्या मजकुराबद्दल हरकती घेत.

९/
ही कोंडी १९३९ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ नाझी स्पाय’ने फोडली. आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये चाललेल्या जर्मन हेरांच्या खऱ्या खटल्यावर हा चित्रपट आधारलेला होता. आता नटांची जन्मस्थळे पाहा. दिग्दर्शक अनातोल लिटवाक कीव्हचे ज्यू. हेरांना पकडणारा अमेरिकी अधिकारी साकारणारे एडवर्ड जी. रॉबिन्सन बुखारेस्टचे ज्यू. नाझी पुढारी डॉ. कासल यांच्या भूमिकेतील पॉल लुकास बुडापेस्टचे. फितलेल्या हेराच्या भूमिकेतील फ्रान्सिस लेडरर प्रागचे.

१०/
याच चित्रपटात गोबेल्सची भूमिका मार्टिन कोस्लेक यांनी केली. ते जन्माने जर्मन आणि नाझींचे कट्टर विरोधक. पुढे त्यांनी हीच भूमिका पुन्हा केली. हा चित्रपट करताना काही जर्मन नटांनी खोटी नावे लावली, काहींनी भूमिकाच नाकारली. कारण त्यांचे नातेवाईक अद्याप जर्मनीत होते. नामावलीत झळकणारे नाव ही नटाची कमाई असते. येथे तेच नाव मागे राहिलेल्या आईवडिलांच्या जिवावर बेतू शकत होते.

११/
ब्रिटनमध्ये हीच कथा कॉनराड फाइट यांच्या रूपाने दिसते. बर्लिनमध्ये १८९३ साली जन्म, ‘डॉ. कॅलिगारी’ (१९२०) मधील निद्रिस्त सेझारे म्हणून जगप्रसिद्ध. फाइट स्वतः ज्यू नव्हते. १९३३ मध्ये त्यांनी लिली प्रागर या ज्यू स्त्रीशी विवाह केला आणि दोघे इंग्लंडला निघून गेले. पाठोपाठ १९३४ मध्ये त्यांनी ‘ज्यू झ्युस’ या ब्रिटिश चित्रपटात ज्यूंच्या छळाची सहानुभूतीने मांडलेली कथा साकारली. जर्मनीतील परतीची वाट त्याने बंद झाली.

१२/
फाइट १९३९ मध्ये ब्रिटिश नागरिक झाले. त्याच वर्षी ‘द स्पाय इन ब्लॅक’ आला. पहिल्या महायुद्धातील जर्मन पाणबुडीचा कप्तान स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर हेर म्हणून उतरतो आणि स्कापा फ्लो येथील ब्रिटिश आरमारावर हल्ल्याचा बेत आखतो, असे त्याचे कथानक. पटकथाकार एमरिक प्रेसबर्गर हे हंगेरियन ज्यू, बर्लिनच्या स्टुडिओतून निसटलेले. चित्रपटानंतर काही आठवड्यांतच, १४ ऑक्टोबर १९३९ रोजी, जर्मन पाणबुडीने खरोखरच स्कापा फ्लोमध्ये शिरून ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली. आठशेहून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले.

१३/
युद्ध पेटल्यावर ब्रिटनमधील जर्मन आणि ऑस्ट्रियन रहिवासी संशयाच्या घेऱ्यात आले. पॉल हेन्रिड हे ऑस्ट्रियन नट त्यांपैकी एक. त्यांना स्थानबद्ध होण्याचा धोका होता. फाइट यांनी त्यांच्या बाजूने शब्द टाकला आणि ते काम करत राहू शकले. १९४० च्या ‘नाइट ट्रेन टू म्युनिक’ या हेरपटात हेन्रिड यांना भूमिका मिळाली ती गेस्टापोच्या हेराची. छळछावणीतील कैद्याचे सोंग घेऊन तो नायिकेचा विश्वास मिळवतो. ज्याच्याविषयी सरकारला नेमकी हीच शंका होती, त्याच माणसाला तीच भूमिका करावी लागली.

१४/
दोनच वर्षांनी ‘कॅसाब्लांका’मध्ये हे दोघे समोरासमोर आले. हेन्रिड झाले नाझीविरोधी चळवळीचे नेते व्हिक्टर लास्लो. फाइट झाले त्यांचा पाठलाग करणारे मेजर श्ट्रासर. खऱ्या आयुष्यात ज्याने तुरुंगवास टाळायला मदत केली, तोच पडद्यावर कैद करायला निघाला! नामावलीत ज्यांची नावे आहेत, त्यांपैकी अमेरिकेत जन्मलेले कलावंत अवघे तीन मानले जातात: हम्फ्री बोगार्ट, डूली विल्सन आणि जॉय पेज. ऑस्ट्रिया जोडला गेल्यानंतर नाझींच्या छावणीत राहिलेले हेल्मुट डान्टाइन यांनी येथे तरुण निर्वासिताची भूमिका केली. त्याच वर्षीच्या ‘मिसेस मिनिव्हर’मध्ये मात्र ते नाझी वैमानिक होते.

१५/
फाइट यांच्यासाठी हा काळ नाझी भूमिकांचाच होता. ‘ऑल थ्रू द नाइट’मध्ये ते न्यूयॉर्कमधील नाझी हेरांचे प्रमुख, त्यांचे साथीदार लॉरे आणि कोस्लेक. तीन खलनायक, तिघेही जर्मनी सोडून आलेले. ‘नाझी एजंट’ (१९४२) मध्ये तर फाइट यांनी जुळ्या भावांची दुहेरी भूमिका केली: एक अमेरिकेशी एकनिष्ठ असलेला साधा पुस्तकविक्रेता, दुसरा नाझी वकील. एकच चेहरा, एकच उच्चार, दोन निष्ठा. देश आणि निष्ठा यांची सरसकट सांगड घालता येत नाही, ही गोष्ट एका साध्या हेरपटाने येथे सहज सांगून टाकली.

१६/
मग हे नट अशा भूमिका का स्वीकारत? पहिले कारण पोटाचे. बर्लिन-व्हिएन्नाच्या रंगमंचावर राजे आणि नायक रंगवलेल्यांना परक्या उच्चारामुळे हॉलिवूडमध्ये वेटर, डॉक्टर, प्राध्यापक अशी चार-दोन मिनिटांचीच कामे मिळत. युद्धपट आणि हेरपट वाढले, तसे नाझींच्या भूमिकांना मागणी आली. दुसरे कारण स्वतःचे होते. कित्येकांना या भूमिका म्हणजे आपल्या परीने दिलेला लढा वाटे. ज्यांची दहशत आपण जवळून पाहिली, त्यांचे खरे रूप जगाला दाखवणारे आपल्याखेरीज दुसरे कोण? व्हिएन्नाचे ज्यू दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर यांनी तर ‘मार्जिन फॉर एरर’ (१९४३) मध्ये नाझी वकिलाची भूमिका स्वतःच केली.

१७/
पण याची किंमतही होती. प्रेक्षकाच्या कानात जर्मन उच्चार आणि क्रौर्य यांची गाठ पक्की बसली. त्या गणवेशातला माणूस नाझींचा बळी आहे, हे चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्याला ठाऊक नसे. शेजारच्या दुकानात तसाच उच्चार करणारा निर्वासित भेटला, तर त्याला पडद्यावरचा मेजर आठवणार. पळून आलेल्यांचा आवाज हाच त्यांना पळवून लावणाऱ्यांचा आवाज ठरला.

१८/
पॅसिफिकच्या बाजूला याच गोष्टीचे अधिक कठोर रूप दिसते. १९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश अमेरिकी नागरिक होते. आता जपानी हेर आणि सेनाधिकारी रंगवायचे कुणी? ही कामे चिनी आणि कोरियन वंशाच्या अमेरिकी नटांकडे गेली.

१९/
त्यांतील फिलिप आन यांची कहाणी विसरता येत नाही. जन्म १९०५, लॉस एंजलिस. वडील आन चांग-हो हे कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे अग्रणी; जपानी राजवटीच्या तुरुंगवासाने खालावलेल्या प्रकृतीतच १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा युद्धकाळात पडद्यावर क्रूर जपान्यांच्या भूमिका करत होता. ‘बिट्रेयल फ्रॉम द ईस्ट’ (१९४५) या हेरपटात ते आणि हवाईत जन्मलेले चिनी वंशाचे रिचर्ड लू दोघेही जपानी बाजूला आहेत. ज्या साम्राज्याने वडिलांचा बळी घेतला, त्याचाच चेहरा मुलाने पांघरला.

२०/
येथे एक फरक लक्षात घ्यावा. हंगेरीत वाढलेला नट जर्मन होई, व्हिएन्नाचा नट कोणत्याही मध्य युरोपीय देशाचा होई. तिथे निकष उच्चाराचा होता. आशियाई नटांबाबत निकष चेहऱ्याचा होता. उलट दिशेनेही हेच चाले. १९३७ ते १९३९ या काळात आठ चित्रपटांतून मिस्टर मोटो हा जपानी गुप्तहेर साकारला तो पीटर लॉरे यांनीच. युरोपीय नट जपानी होऊ शकत असे. जपानी वंशाच्या नटाला मात्र युरोपीय होण्याची मुभा नव्हती.

२१/
युद्ध संपले आणि शत्रू बदलला. बर्लिनऐवजी आता मॉस्को. मात्र पडद्यावरचे आवाज फारसे बदलले नाहीत. सोव्हिएत नट पाश्चात्त्य हेरपटांत येणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून जुनेच कलावंत नव्या गणवेशात उभे राहिले. होमोल्का, ज्यांनी १९३६ मध्ये अनामिक देशाचा घातपाती रंगवला होता, त्यांनी ‘फ्युनरल इन बर्लिन’ (१९६६) मध्ये सोव्हिएत कर्नल स्टॉक साकारला. बॉनमध्ये जन्मलेले वॉल्टर गोटेल यांचे कुटुंब नाझींमुळे ब्रिटनला आले. बाँडपटांत तेच १९७७ ते १९८७ या काळात सोव्हिएत जनरल गोगोल होते.

२२/
बाँडचा पहिला पडद्यावरील खलनायक कोण, हे सहसा चुकीचे सांगितले जाते. १९६२ च्या ‘डॉ. नो’च्या आठ वर्षे आधी, २१ ऑक्टोबर १९५४ रोजी, अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘कसिनो रॉयाल’चा तासाभराचा प्रयोग झाला. त्यातील ल शिफ्र होते पीटर लॉरे! डॉ. नो हा जर्मन आणि चिनी आईबापांचा मुलगा. ते जोसेफ वाइजमन मात्र कॅनडाचे ज्यू. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३) मधील रोझा क्लेब रशियन. लोटे लेन्या व्हिएन्नाच्या, संगीतकार कुर्ट वाइल यांच्या पत्नी आणि १९३३ मध्ये जर्मनी सोडलेल्या. त्याच चित्रपटातील झेक बुद्धिबळपटू क्रॉनस्टीन साकारणारे व्लाडेक शेबाल पोलिश.

२३/
‘गोल्डफिंगर’ (१९६४) मध्ये गुंता आणखी वाढतो. गेर्ट फ्रोबे जर्मन आणि तरुणपणी, १९३७ पर्यंत, नाझी पक्षाचे सभासद. त्यांचे इंग्रजी कच्चे असल्याने पडद्यावर ऐकू येणारा आवाज मायकेल कॉलिन्स या इंग्रज नटाचा आहे. म्हणजे चेहरा जर्मन, आवाज इंग्रज! पक्षसभासदत्वाची गोष्ट उजेडात येताच इस्राएलने त्यांच्या चित्रपटांवर बंदी घातली. त्यानंतर मारिओ ब्लुमेनाउ हे ज्यू गृहस्थ पुढे आले. युद्धकाळात फ्रोबे यांनीच आपल्याला आणि आपल्या आईला लपवून वाचवले, असे त्यांनी सांगितले आणि बंदी उठली. पडद्यावरचा खलनायक, कागदावरचा नाझी आणि प्रत्यक्षातला रक्षणकर्ता: तिन्ही एकच माणूस.

२४/
या कथेचा एक धागा भारतापर्यंतही येतो. ‘ऑक्टोपसी’ (१९८३) चे चित्रीकरण उदयपूरला झाले. निर्वासित अफगाण राजपुत्र कमाल खान साकारला लुई जुर्दां या फ्रेंच नटाने. जुर्दां यांच्या वडिलांना गेस्टापोने अटक केली होती आणि स्वतः जुर्दां फ्रेंच प्रतिकार चळवळीत होते. त्याचा अंगरक्षक गोबिंदा झाले कबीर बेदी. मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवर ‘तुघलक’ गाजवलेले आणि ‘सांडोकान’मुळे इटलीत घराघरांत पोचलेले हे नट. सूत्रधार आशियाई असला तरी नट युरोपीय, आणि त्याच्या हुकमाचा ताबेदार भारतीय. मोटोच्या काळातील उतरंड १९८३ मध्येही पुरती मोडली नव्हती.

२५/
कॉनराड फाइट यांना युद्धाचा शेवट पाहता आला नाही. ३ एप्रिल १९४३ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, लॉस एंजलिसमध्ये गोल्फ खेळताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. जन्माने ते जर्मन, कायद्याने ब्रिटिश, पत्नीच्या निवडीमुळे निर्वासित. जगाच्या स्मरणात मात्र ते नाझी मेजर श्ट्रासर म्हणूनच राहिले.

२६/
चित्रपट हे इतिहासाचे साधन आहे ते केवळ कथेमुळे नव्हे. कथा सांगते, एका समाजाला कुणाची भीती वाटत होती. नामावली सांगते, ती भीती रंगवण्यासाठी कोण उपलब्ध होते आणि ते तिथवर कसे पोचले. पुढच्या वेळी जुना हेरपट पाहताना खलनायकाचे नाव टिपून घ्यावे, त्याचे जन्मगाव शोधावे, त्याने ते कोणत्या वर्षी सोडले ते पाहावे. पुष्कळदा ते वर्ष १९३३ किंवा १९३८ असेल.

(धागा समाप्त)